चुकीच्या कर्जनोंदीचा पुरावा कोणी द्यायचा?

मे २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीची बैठक झाली. पीककर्ज देताना शेतकऱ्याला सिबिल, म्हणजे आधीची कर्जं कशी फेडली याचा पतअहवाल आणि त्यावरून काढलेला स्कोअर, विचारू नका, विचारलंत तर गुन्हे दाखल करू, असं मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्या बैठकीत बँकांना बजावलं. तेव्हापासून आपल्याकडे सिबिलवर जो वाद चालू आहे त्यात दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, ही भानगड बंदच करा, गरिबाच्या गळ्याला फास आहे. दुसरा म्हणतो, हप्ते वेळेवर भरा, मग सिबिलला घाबरायचं कारण काय? वाहिन्यांवरच्या चर्चेत, बाजारात, नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळीकडे हेच. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट मात्र न तपासताच मान्य करून टाकली आहे, ती ही की अहवालात लिहिलंय ते खरं आहे. पहिली बाजू म्हणते, खरं असलं तरी विचारू नका. दुसरी म्हणते, खरं आहे ना, मग भोगा. लिहिलेलंच खोटं असेल तर काय करायचं, याचं उत्तर दोघांकडेही नाही, कारण हा प्रश्न त्यांनी कधी विचारलेलाच नाही.

माझं म्हणणं असं आहे. पतअहवाल हवा. पण माझ्या नावावर कोणी एखादी कर्जनोंद केली आणि मी ती नाकारली, तर ती खरी असल्याचा पुरावा नोंद करणाऱ्याने द्यावा. ठरलेल्या मुदतीत त्याला तो देता आला नाही, तर नोंद पुसली जावी. आज आपल्याकडे नेमकं उलट चालतं. ज्या बँकेने किंवा वित्तसंस्थेने नोंद पाठवली, तिनेच 'हो, आमचं चुकलं' म्हणेपर्यंत नोंद जागची हलत नाही. या एका मुद्द्यावर भांडायचं सोडून स्कोअर सातशे असावा की साडेसातशे, यावर आपण घसा कोरडा करतो आहोत.

माझ्या मावसभावाची तालुक्याच्या गावी पिठाची गिरणी आहे. मागच्या हिवाळ्यात त्याला मिरची कांडपाचं यंत्र घ्यायचं होतं. मसाल्याचा हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो, म्हणून डिसेंबरातच त्याने कर्जासाठी अर्ज टाकला. आठवड्याने शाखेतल्या साहेबांनी त्याला समोर बसवून सांगितलं, ''तुमच्या नावावर एक दुचाकीचं कर्ज बुडीत आहे, आम्हाला काही करता येणार नाही.'' माझ्या भावाने आयुष्यात दुचाकीसाठी कर्ज घेतलेलं नाही. त्याची मोटारसायकल जुनी, रोखीने घेतलेली, आणि तिचं आरसी बुक गिरणीतल्याच फडताळात आहे. त्याने मला फोन केला. मी त्याचा अहवाल डाउनलोड केला आणि आम्ही दोघं गिरणीच्या ओट्यावर मोबाइलवर तो वाचत बसलो. एका खात्यापुढे 'राइट ऑफ' लिहिलेलं. खाली महिन्यामहिन्याचे चौकोन, आधी तीन शून्यं, मग ०३०, ०६०, ०९० असे थकलेल्या दिवसांचे आकडे, आणि पुढे चौकोनच संपलेले. पत्ता तीनशे किलोमीटरवरच्या एका शहरातल्या चाळीचा. पॅनची जागा त्या कर्जापुढे रिकामी. जुळत होतं ते एवढंच: नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख, १ जून.

ही १ जून आपल्याकडच्या प्रत्येकाला कळेल. शाळेत नाव घालताना मूल कधी जन्मलं हे आईबापांना सांगता आलं नाही की गुरुजी १ जून लिहून मोकळे व्हायचे. पुढे तीच तारीख दाखल्यावर, आधारवर, पॅनवर चढली. एकाच आडनावाची गावंच्या गावं, नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत, आणि वर ही सरकारी जन्मतारीख. बँकांकडून आलेल्या नोंदी नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ता, फोन अशा खुणा जुळवून एकेका माणसाच्या खाती टाकायच्या, हे पतमाहिती कंपन्यांचं काम. पॅन नसलेली जुनी नोंद आली आणि बाकीच्या खुणा अशा जुळल्या, तर दोन माणसं एक व्हायला कितीसा वेळ लागणार? यात कोणाचा दुष्टावा आहे असं मी म्हणत नाही. चूक होणारच. झालेली चूक निस्तरायची कशी, हा खरा प्रश्न आहे.

आम्ही ऑनलाइन तक्रार टाकली. सव्वीसाव्या दिवशी उत्तर आलं: संबंधित संस्थेने माहिती बरोबर असल्याचं कळवलं आहे, त्यामुळे बदल केलेला नाही. तक्रार बंद. त्या संस्थेच्या ग्राहक सेवेला फोन केला तर पलीकडची मुलगी कर्ज खात्याचा पूर्ण क्रमांक मागत राहिली. अहवालात शेवटचे चारच आकडे दिसत होते. भाऊ तिला पुन्हा पुन्हा सांगत होता, ''ताई, कर्ज माझं नाहीच, तर नंबर माझ्याकडे कुठून येणार?'' तिचा तरी काय दोष? तिच्या समोरच्या पडद्यावर क्रमांक टाकल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं.

आता कायद्याकडे येऊ, कारण गाठ तिथे आहे. भारतात पतमाहितीचा धंदा पतमाहिती कंपन्या (नियमन) कायदा, २००५ यानुसार चालतो. सिबिल त्याआधी, २००० साली स्थापन झाली. आज ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या आहेत, आपण मात्र चौघींच्या अहवालाला सरसकट 'सिबिल'च म्हणतो. या कायद्याचं कलम २१ कर्जदाराला आपला अहवाल मागायचा आणि त्यात दुरुस्ती सुचवायचा हक्क देतं, आणि दुरुस्तीसाठी तीस दिवसांची मुदतही घालतं. इथपर्यंत उत्तम. पण त्याच कलमाला एक परंतुक, म्हणजे जोडलेली अट, आहे: कर्ज देणाऱ्या संबंधित संस्थेने दुरुस्ती बरोबर असल्याचं प्रमाणित केल्याशिवाय ती करता येणार नाही. पुढे आणखी एक परंतुक आहे. वाद न्यायालयात, लवादापुढे किंवा न्यायाधिकरणात असेल, तर निकाल लागेपर्यंत त्या संस्थेच्या पुस्तकातली नोंदच ग्राह्य धरायची. म्हणजे ज्याने आरोप केला त्याचीच सही आणा, तर सुटका. कोर्टात गेलात तरी तोवर आरोप कायम. मूळ नोंद करताना संस्थेने कोणता कागद पुरावा म्हणून जोडावा, याबद्दल ही परंतुकं काहीच म्हणत नाहीत. पुरावा लागतो तो फक्त नोंद काढायला.

या पद्धतीच्या बाजूने जे बोललं जातं त्यातलं बरंचसं मला पटतं. पहिली गोष्ट, पतअहवाल नव्हता तेव्हा काय होतं? ज्याची मॅनेजरशी ओळख त्याला कर्ज. ज्याला दोन तालेवार जामीनदार मिळतील त्याला कर्ज. पतपेढीच्या संचालकाच्या भावकीतला असेल त्याला कर्ज. जामीनदार मिळणं हे जातीवर आणि गल्लीवर ठरायचं, हे आपल्याला ठाऊक आहे. जिच्याकडे ना जमीन ना सोनं, अशा एखाद्या बाईने बचतगटाचं कर्ज तीन वर्षं नीट फेडलं असेल, तर ते कुठेतरी लिहिलेलं असणं ही तिची कमाई आहे. 'सिबिल बंद करा' म्हणणारे तिची ही कमाई बुडवायला निघाले आहेत, आणि हे त्यांच्या लक्षात येत नाही. पत हा आपल्या भाषेतला जुना आणि भारदस्त शब्द आहे. माणसाची पत लिहून ठेवायची सोय झाली हे वाईट नाही.

दुसरी गोष्ट, पतमाहिती कंपन्या म्हणतात, आम्ही केवळ सांभाळणारे, कर्ज दिलं कोणी, फेडलं कोणी हे आम्हाला कसं कळणार? बँकेशिवाय ते ठरवणार कोण? हेही खोटं नाही. तिसरी गोष्ट सगळ्यात जड आहे: हरकत घेतली की नोंद पुसायची असं ठरलं, तर खरे कर्जबुडवे आधी रांग लावतील. झेरॉक्सच्या दुकानांवर 'सिबिल क्लिअर करून मिळेल' असे स्टिकर आजही दिसतात. उद्या त्यांची दुकानं होतील, आणि बुडवलेल्या कर्जाचा भार शेवटी प्रामाणिकपणे फेडणाऱ्याच्या व्याजावर चढेल.

आणि चौथी गोष्ट, रिझर्व्ह बँक गप्प बसलेली नाही. दर वर्षी प्रत्येक कंपनीकडून एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो, तो तिच्याच आदेशाने. २०२२ पासून पतमाहिती कंपन्यांविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तक्रारी वेळेत न सोडवणं आणि माहितीच्या अचूकतेतली हयगय यांबद्दल जून २०२३ मध्ये चारही कंपन्यांना प्रत्येकी पंचवीस लाखांच्या आसपास दंड झाला. २६ एप्रिल २०२४ पासून, तक्रार तीस दिवसांत सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई आहे. तीसपैकी एकवीस दिवस कर्ज देणाऱ्या संस्थेचे, उरलेले कंपनीचे, अशी वाटणीसुद्धा करून दिली आहे. दुरुस्ती नाकारली तर कारण कळवा, असंही सांगितलं आहे. हे सगळं चांगलं आहे. २०१५ साली तक्रार करणाऱ्यापेक्षा आजचा तक्रारदार नक्कीच बरा.

मग माझं भांडण काय? हे, की या साऱ्या सुधारणा वेळेच्या आहेत, पुराव्याची एकही नाही. माझ्या भावाला सव्वीसाव्या दिवशी चुकीचं उत्तर मिळालं. मुदतीत मिळालं, म्हणून दंड नाही, भरपाई नाही, नोंदवहीत तक्रार निकाली. शंभर रुपये रोज हा उशिराचा दंड आहे. खोट्या उत्तराला दंड कोणता? समजा, अशाच नोंदीपायी एखाद्याला तीस लाखांचं गृहकर्ज वीस वर्षांसाठी साडेआठऐवजी साडेनऊ टक्क्यांनी घ्यावं लागलं. हप्ता महिन्याला साधारण १,९३० रुपयांनी वाढतो, वीस वर्षांत ही वाढ चार लाख साठ हजारांवर जाते. शंभर रुपये रोजाने एवढे पैसे गोळा व्हायला साडेबारा वर्षांहून जास्त काळ तक्रार लोंबकळत पडावी लागेल. आणि ज्याला कर्जच मिळालं नाही, त्याचा हंगाम कोणत्या हिशेबात धरायचा?

कर्जाचंच कशाला? मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये एका प्रकरणात पतइतिहास खराब म्हणून स्टेट बँकेने नेमणूक रद्द केली ती योग्य ठरवली. त्या प्रकरणात नोंदी चुकीच्या होत्या असं मला सुचवायचं नाही, पैसे हाताळणाऱ्या माणसाची शिस्त बँकेने बघावी हेही मान्य. पण त्यातून एक कळतं. या कागदावर आता नोकरी ठरते. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरला मुलाचं सिबिल पाहून सोयरीक मोडल्याची बातमी आली. लग्नाच्या याद्या करायला बसलेली माणसं जो कागद मागतात, त्यातली नोंद लिहिणाऱ्याच्या मर्जीशिवाय पुसता येत नाही, हे कोणाला बरोबर वाटतं?

बँकेच्या वहीत आहे म्हणजे खरं, हे आपल्या कायद्याचं तत्त्व कधीच नव्हतं. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याचं कलम ३४ सांगत होतं की, धंद्याच्या ओघात नियमित ठेवलेल्या हिशेबवहीतली नोंद पुरावा म्हणून विचारात घेता येईल, पण केवळ तेवढ्यावर कोणाच्याही डोक्यावर देणं ठेवता येणार नाही. तेच तत्त्व त्याच्या जागी आलेल्या २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमातही आहे. बँकांसाठी १८९१ चा वेगळा कायदा आहे, त्यात बँकेच्या पुस्तकाच्या प्रमाणित प्रतीला प्रथमदर्शनी पुरावा मानतात, असं कोणी म्हणेल. बरोबर आहे. तरीही साठच्या दशकात गौहाटी बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, समोरचा माणूस नोंद नाकारत असेल तर बँकेची नुसती नोंद त्याला देणेकरी ठरवायला पुरत नाही, व्यवहार खरोखर झाल्याचा स्वतंत्र पुरावा लागतो. म्हणजे बँकेने माझ्यावर दहा हजारांचा दावा लावला तर तिला कागद दाखवावे लागतील. तेच दहा हजार तिने माझ्या पतअहवालात टाकले तर काहीच दाखवावं लागत नाही. अहवाल म्हणजे दावा नव्हे, हे मला कळतं. पण दाव्यात हरलो तर दहा हजार जातात, अहवालात हरलो तर वीस वर्षांचं घर जातं. यातली मोठी शिक्षा कोणती?

महाराष्ट्राने हा प्रश्न एकदा फार कडू रीतीने सोडवला आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात जमलेल्या कुणब्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर हल्ला केला. तिथून ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावोगावी पसरलं. या दंग्याची गोष्ट शाळेत शिकवताना जाळपोळीवर भर असतो. पण लोक मागत काय होते? खतं, म्हणजे कर्जरोखे, आणि हिशेबाच्या वह्या. ज्या सावकाराने कागद निमूट हवाली केले, त्याच्या अंगाला बहुतेक ठिकाणी कोणी हात लावला नाही. कागद चौकात आणून जाळले आणि माणसं घरी गेली. त्यांचा राग नुसत्या व्याजावर नव्हता. वही सावकाराची, लिहिणारा सावकार, वाचता येणारा सावकार, भरलेल्या पैशाची पावती नाही, आणि कोर्टात गेलं की मुन्सफ खतावरचा अंगठा बघून हुकूमनामा देणार. ज्या कागदावर आपलं जगणं बेतलंय त्यावर काय लिहिलंय हे आपल्याला कळत नाही आणि खोडताही येत नाही, ही ती कोंडी होती.

सरकारने आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी मदत कायदा आला. परक्या सरकारचा, जमीनमहसुलाची काळजी असलेल्या सरकारचा कायदा होता तो, आणि त्यातून सावकारी संपली नाही, हेही खरं. पण त्यात जे मूळ होतं ते आजही वाचण्यासारखं आहे. न्यायाधीशाने खतावर थांबू नये, खताच्या मागे जावं, पहिल्यापासून दिलं किती, घेतलं किती याचा इतिहास तपासावा. सावकाराने प्रत्येक भरण्याची पावती द्यावी, वर्षाकाठी हिशेब लिहून द्यावा, मागितल्यास पासबुक द्यावं. कर्जदार अंगठेबहाद्दर आहे आणि वही सावकाराच्या हातात आहे, म्हणून खरं काय ते दाखवायची जबाबदारी वही धरणाऱ्यावर. १८७९ मध्ये इतकं कळलेल्या मुलखात २००५ चा कायदा येतो आणि म्हणतो, खताच्या मागे जाऊ नका, खत लिहिणाऱ्यालाच विचारा. माझा भाऊ दहावी शिकलेला आहे, स्मार्टफोन वापरतो. तरी इंग्रजीतल्या त्या अहवालापुढे तो ओट्यावर बसला होता तेव्हा त्याच्यात आणि सुप्याच्या त्या कुणब्यात मला फारसा फरक दिसला नाही.

दूरच्या अमेरिकेकडेही एकदा बघू, कारण पतअहवालाचा धंदा तिथे आपल्याहून कितीतरी जुना आहे. तिथल्या १९७० च्या कायद्यात नियम असा आहे की, ग्राहकाने नोंदीला हरकत घेतली तर तीस दिवसांत तिची पडताळणी करायची, आणि नोंद चुकीची, अपुरी किंवा पडताळता न येणारी निघाली तर ती काढायची किंवा सुधारायची. 'पडताळता न येणारी' हे शब्द महत्त्वाचे आहेत. संशयाचा फायदा माणसाला, नोंदीला नव्हे. अमेरिकेत सगळं आलबेल आहे असं नाही. २०१३ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने जाहीर केलेल्या पाहणीत दर पाच ग्राहकांमागे एकाच्या, तिथल्या तीन मोठ्या पतमाहिती कंपन्यांपैकी किमान एकीच्या अहवालात चूक सापडली होती. सुमारे वीसांतल्या एकाची चूक इतकी मोठी होती की त्याला कर्ज महाग पडावं. तक्रार आली की बँकेला संगणकावरून विचारून 'हो' आलं तर विषय संपवायचा, ही खोडही तिथे आहेच. पण तिथला ग्राहक कोर्टात जाऊन पडताळणी नीट झाली नाही असं म्हणू शकतो, आणि कायदा त्याच्या बाजूने बोलतो. आपल्याकडे कायदाच बँकेच्या 'हो'वर थांबतो.

आता कर्जबुडव्यांच्या रांगेचं काय? माझी मागणी हरकत घेताच नोंद पुसा अशी नाही. संस्थेने चार गोष्टी दाखवाव्यात: कर्जाचा अर्ज, त्यावरची सही किंवा ओटीपीने दिलेली संमती, ओळखीची कागदपत्रं, आणि पैसे कोणत्या खात्यात गेले त्याचा तपशील. ज्याने खरोखर कर्ज घेऊन बुडवलं, त्याच्या बाबतीत हे कागद बँकेच्या फायलीत असतातच. ते अपलोड करायला एकवीस दिवस भरपूर झाले. कागद समोर ठेवले की बुडव्याची हरकत तिथेच संपली. उलट, कोणतीही वित्तसंस्था ज्या कर्जाचा साधा अर्जही दाखवू शकत नाही, त्या कर्जावरून एखाद्याला बुडवा म्हणायचा हक्क तिला का असावा? वारंवार त्याच हरकती घेणाऱ्याला आवर घालायचा असेल तर तसा नियम करता येतो. अमेरिकी कायद्यात उगाच घेतलेली हरकत नाकारायची सोय आहे. आणि झेरॉक्सच्या दुकानावरचा तो स्टिकर आज चालतो कशामुळे? सरळ रस्ता बंद आहे म्हणूनच ना? पाच हजार घेऊन 'आतून' काम करून देतो म्हणणाऱ्याकडे माणूस हौसेने जात नाही.

'आम्ही केवळ सांभाळणारे' हा पतमाहिती कंपन्यांचा युक्तिवादही मला अर्धाच मान्य आहे. टपालवाला पत्र पोचवतो. तो पत्र फोडून, वाचून, पत्र ज्याच्या नावाचं त्याला तीनशे ते नऊशेमध्ये गुण देत नाही आणि ते गुण विकत नाही. माझ्या भावाच्या प्रकरणात चूक बँकेची नव्हतीच, निदान पहिली चूक नव्हती. बँकेने कोणा खऱ्या माणसाला खरं कर्ज दिलं होतं. ते माझ्या भावाच्या अंगावर चिकटवलं जुळवणाऱ्याने. आणि म्हणूनच बँकेचं 'माहिती बरोबर आहे' हे उत्तर तिच्या दृष्टीने खरंही होतं! कर्ज दिलं होतं, बुडालं होतं. ते कोणाचं, हे तिला कोणी विचारलंच नव्हतं. अशा प्रकरणात बँकेचं प्रमाणपत्र मागणाऱ्या परंतुकाचा उपयोग काय?

हल्ली तर मोबाइलवरच्या झटपट कर्जांनी याला वेगळंच वळण दिलं आहे. २०२२ मध्ये अभिनेते राजकुमार राव यांनी जाहीरपणे सांगितलं होतं की त्यांच्या पॅनवर कोणी अडीच हजारांचं कर्ज उचललं आणि त्याचा फटका त्यांच्या सिबिलला बसला. त्यांनी सांगितलं तर बातमी होते. लॉजवर, सिमकार्डच्या दुकानात, भाडेकराराच्या वेळी पॅनची झेरॉक्स देऊन आलेल्या साध्या माणसाच्या नावावर असे अडीच हजार चढले तर? रक्कम किरकोळ म्हणून वसुलीला कोणी दारात येत नाही, त्यामुळे पत्ताही लागत नाही. कळतं ते मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला गेल्यावर. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये, केवळ सिबिल कमी म्हणून विद्यार्थ्याचं शैक्षणिक कर्ज नाकारू नका, असं म्हटलं, ते चांगलंच झालं. पण तो निकालही पुन्हा स्कोअरकडे दुर्लक्ष करा असंच सांगतो. नोंद खरी की खोटी, हे विचारायची पद्धत त्यातून मिळत नाही.

मुख्यमंत्र्यांच्या इशाऱ्याबद्दल माझी हीच तक्रार आहे. पीककर्जापुरतं सिबिल विचारू नका म्हटल्याने शेतकऱ्याची खोटी नोंद जात नाही. तो ट्रॅक्टरसाठी गेला, पोराच्या फीसाठी गेला, की तीच नोंद तिथे उभी आहे. गुन्हे दाखल करायची भाषा करण्यापेक्षा महाराष्ट्राच्या खासदारांनी कलम २१ च्या त्या दोन परंतुकांवर संसदेत दुरुस्ती मागितली असती, तर कर्जमाफीच्या प्रत्येक यादीतल्या माणसाला तिचा उपयोग झाला असता. हे काम खर्चाचं नाही. कोणत्याही तिजोरीवर बोजा नाही. दोन वाक्यं बदलायची आहेत.

भावाच्या गिरणीत उधारीची एक वही आहे, खाकी पुठ्ठ्याची, पिठाने पांढरी झालेली. दळण ठेवून 'नंतर देते' म्हणून गेलेल्या बायकांची नावं तो तीत लिहितो. त्या दिवशी अहवाल वाचता वाचता एक म्हातारी डबा घ्यायला आली. तो म्हणाला, ''मावशी, मागचे साठ बाकी आहेत.'' ती म्हणाली, ''दिले की रे पाडव्याला.'' त्याने पानं उलटली, पाडव्याचं पान काढलं, बोट फिरवलं. तिच्या नावापुढे साठ रुपयांचं दळण त्याला कुठेच सापडलं नाही. आकडा त्याच्या डोक्यात होता, वहीत नव्हता. त्याने काही न बोलता डबा तिच्या हातात दिला. मी विचारलं, ''सोडलेस?'' तो म्हणाला, ''मला दाखवता येत नाही, तर मागू कसे?''

भावाच्या नावावरची ती नोंद पुसली गेली ती मे महिन्याच्या शेवटी. वित्तसंस्थेच्या तक्रारी बघणाऱ्या नोडल अधिकाऱ्याला दोन वेळा रजिस्टर पोस्टाने पत्रं गेली. तिसऱ्या पत्रात लोकपालाकडे जात असल्याचं लिहिल्यावर कोणीतरी मूळ फाइल उघडली, आणि फोटोतला माणूस वेगळा निघाला. तोवर गावातल्या मिरच्या दुसऱ्याच्या यंत्रावर कांडून झाल्या होत्या. एका कंपनीचा अहवाल आता स्वच्छ आहे. दुसऱ्या एका कंपनीच्या अहवालात ते दुचाकीचं कर्ज अजून तसंच दिसतं. तिथली तक्रार आम्ही मागच्या सोमवारी टाकली.